लिनक्स पीसी मध्येच हँग होतो तेव्हा: फॉर्मॅट मारायच्या आधी काय काय बघायचं

माझा घरचा डेस्कटॉप चार महिने हँग होत होता. कधी दिवसातून दोनदा, कधी आठ दिवस काहीच नाही, आणि मग एखाद्या रात्री काम अर्धवट असताना स्क्रीन जागच्या जागी थांबायची, माउस हलायचा नाही, गाणं चालू असलं तर शेवटचा तुकडा टर्रर्र करत वाजत राहायचा आणि पॉवरचं बटण दाबून धरण्याशिवाय हातात काही उरायचं नाही. त्या चार महिन्यांत मी तीनदा फॉर्मॅट मारला. मिंट काढून उबंटू, उबंटू काढून फेडोरा, फेडोरा काढून परत मिंट. दर वेळी पहिले चार-पाच दिवस बरे जायचे आणि मला वाटायचं सुटलं एकदाचं. दोष निघाला रॅमच्या एका स्टिकमध्ये, तो कुठलाही डिस्ट्रो टाकून जाणारच नव्हता.

तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांची मशीन मी फोनवरून बघून दिली आहेत, त्यातून जी पद्धत बसली ती इथे सगळी लिहिते. कमांड फोनवर सांगते तशाच देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी स्मॉल लेटरमध्ये करायच्या, जिथे कॅपिटल लागतं तिथे तसं सांगेन. उदाहरणं उबंटू आणि मिंटची आहेत कारण आपल्याकडे तेच जास्त दिसतात, बाकी डिस्ट्रोत फक्त पॅकेज टाकायची कमांड बदलते.

आधी एक वही घ्या

खरंच कागदाची वही, कारण हँग झालेल्या मशीनवर तुम्ही नोट्स लिहू शकत नाही. दर वेळी चार गोष्टी लिहायच्या: तारीख-वेळ, तेव्हा काय चालू होतं, हँग झाल्यावर काय जिवंत होतं आणि काय मेलेलं (हे पुढे येतंय), आणि मागच्या हँगनंतर मशीनमध्ये तुम्ही काय बदललं होतं. "काही नाही, नुसता क्रोम चालू होता" असं लिहू नका, किती टॅब होते, व्हिडिओ चालू होता का, पेनड्राइव्ह लावलेला होता का, मशीन नुसतं पडून होतं का तेही लिहा. माझ्या वहीत अकरा नोंदी झाल्या तेव्हा दिसलं की नऊ वेळा व्हर्च्युअल मशीन (पीसीच्या आत चालणारा दुसरा, नकली पीसी) चालू होतं, म्हणजे रॅम अर्ध्याच्या बरीच वर भरलेली होती, आणि नुसत्या ब्राउझरवर असताना मशीन क्वचितच अडकत होतं. डोक्यात ठेवून हे कधीच दिसलं नसतं, माझ्या मनात तर "रात्रीच हँग होतो" असं पक्कं बसलं होतं, पण रात्री मी व्हर्च्युअल मशीन लावायचे एवढाच त्याचा अर्थ होता.

आणि नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ड्रायव्हर, कर्नल (लिनक्सचा गाभा, जो हार्डवेअरशी बोलतो) आणि बायोस (मदरबोर्डवरचं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) एकाच रविवारी बदललं तर सुटलं तरी कशाने सुटलं ते कळणार नाही आणि सुटलं नाही तर नवीन काय बिघडवून ठेवलंय तेही कळणार नाही.

हँग म्हणजे नक्की काय मेलंय?

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. "हँग झाला" हा एकच शब्द आपण चार-पाच वेगळ्या आजारांना वापरतो. स्क्रीन थांबली म्हणजे मशीन थांबलं असं नसतं, कित्येकदा फक्त डेस्कटॉप अडकलेला असतो आणि खाली कर्नल मजेत चालू असतो. म्हणून बटण दाबून धरायच्या आधी दोन मिनिटं थांबा आणि क्रमाने हे बघा.

माउस हलतोय का? माउस हलतो पण क्लिक लागत नाही असं असेल तर बहुतेक वेळा डेस्कटॉपचा म्हणजे ग्नोम, सिनॅमन, प्लाझ्मा यांचा प्रॉब्लेम असतो. माउस झटके खात हलतोय आणि कॅबिनेटवरचा हार्डडिस्कचा लाइट सतत पेटलेला आहे? मग रॅम भरल्ये. गाणं चालू असेल तर ते पुढे जातंय का, की एकच तुकडा परत परत वाजतोय? पुढे जात असेल तर कर्नल जिवंत आहे हे नक्की. तुकडा वाजत असेल तर लक्षण वाईट.

मग कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबा. काळ्या स्क्रीनवर लॉगिन आलं तर फार बरं, तिथून आत जाऊन बघता येतं, आणि परत डेस्कटॉपवर यायला एफ१, एफ२ किंवा एफ७, डिस्ट्रोप्रमाणे.

कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो का हे बघायला सगळे सांगतात, मीही सांगायचे, पण त्यात एक गोम आहे. डेस्कटॉप चालू असताना तो दिवा लावायचं काम डिस्प्ले सर्व्हरच (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारा प्रोग्राम) करतो, त्यामुळे दिवा लागला तर डिस्प्ले सर्व्हर जिवंत आहे एवढं नक्की कळतं, पण नाही लागला तर कर्नल मेला असं म्हणता येत नाही. लॅपटॉपच्या किंवा जुन्या पीएस-टू कीबोर्डचे दिवे आपोआप उघडझाप करायला लागले तर मात्र तो कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलनेच हात टेकले.

खरा निकाल लागतो नेटवर्कवरून. यासाठी मशीन चांगलं चालू असतानाच तयारी करून ठेवायची: "सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर", मग "हॉस्टनेम -आय" (हा आय कॅपिटल) टाकून येणारा आयपी पत्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा. मोबाइलवर टर्मक्स (टर्मिनलचं अ‍ॅप) घेऊन त्यात ओपनएसएसएच टाकलं की दुसरा पीसी नसला तरी चालतं. हँग झाल्यावर मोबाइलवरून आधी पिंग मारा (मशीन नेटवर्कवर उत्तर देतं का ते कळतं), मग एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून, आत शिरा. तीन शक्यता:

आत शिरता आलं, तर कर्नल ठीक आहे आणि संशय ग्राफिक्स आणि डेस्कटॉपवर जातो. तिथेच "सुडो डीमेसेज" (डी-एम-ई-एस-जी, कर्नलचे संदेश) आणि "टॉप" (चालू प्रोसेसची यादी) बघून घ्या, फोटो काढून ठेवा, आणि "सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट डिस्प्ले-मॅनेजर" मारून बघा, उघड्या खिडक्या जातील पण मशीन रीस्टार्ट करावं लागणार नाही.

पिंगला उत्तर येतं पण लॉगिन होत नाही, नुसतं लटकून राहतं. ही खूण लक्षात ठेवा. पिंगला कर्नल स्वतःच उत्तर देतो, त्याला डिस्कची गरज नसते, लॉगिनला डिस्कवरनं वाचावं लागतं. म्हणजे डिस्क गायब झाल्ये किंवा रॅम इतकी भरल्ये की नवीन काही सुरूच होत नाहीये.

पिंगसुद्धा नाही (आणि वायफाय नसून वायर लावलेली आहे, वायफायवर ही टेस्ट धरू नका), तर कर्नल किंवा हार्डवेअर, आणि माझ्या अनुभवात हार्डवेअरच जास्त.

बटण दाबून धरण्यापेक्षा

लिनक्समध्ये मॅजिक सिसआरक्यू म्हणून सोय आहे. आल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून ठेवायचं आणि एकेक अक्षर, मध्ये दोन-तीन सेकंद थांबत, दाबायचं: आर, ई, आय, एस, यू, बी. कीबोर्ड परत कर्नलच्या ताब्यात, सगळ्या प्रोसेसना बंद व्हा म्हणून सांगणं, न ऐकणाऱ्यांना मारणं, डिस्कवर राहिलेलं लिहून टाकणं, डिस्क रीड-ओन्ली करणं, रीबूट. याने फाइल सिस्टम वाचते, आणि लॉगच्या शेवटच्या ओळी डिस्कवर पोचायची शक्यता वाढते, जे आपल्याला हवंच आहे.

पण उबंटूत हे अर्धवटच चालू असतं. तिथे या सेटिंगची व्हॅल्यू १७६ आहे, म्हणजे १६ अधिक ३२ अधिक १२८, म्हणजे फक्त एस, यू आणि बी. ई, आय आणि रॅम भरल्यावर कामाला येणारं एफ हे बंद. सगळं चालू करायला "/एट्सी/सिससीटीएल.डी" (ई-टी-सी, एस-वाय-एस-सी-टी-एल) फोल्डरमध्ये ९९ ने सुरू होणाऱ्या नावाची डॉट कॉन्फ फाइल करून त्यात "कर्नल.सिसआरक्यू = १" एवढी एक ओळ टाका आणि रीस्टार्ट करा. कीबोर्डपाशी बसलेला कोणीही मग हे वापरू शकतो, त्यामुळे ऑफिसच्या किंवा सायबर कॅफेच्या मशीनवर करू नका. लॅपटॉपवर बरेचदा एफएन पण धरावं लागतं.

यातली एक माहिती फुकट मिळते: आल्ट-सिसआरक्यू-बी ने मशीन रीबूट झालं तर कर्नल निदान थोडा तरी जिवंत होता, आणि त्यालाही दाद दिली नाही तर हार्डवेअर पातळीवरचा हँग. वहीत लिहा.

लॉग

परत चालू झालं की लगेच: "जर्नलसीटीएल -बी -१ -ई". म्हणजे मागच्या बूटचा लॉग, शेवटापासून. फक्त कर्नलचं हवं तर "जर्नलसीटीएल -के -बी -१". मागचा बूट सापडत नाही म्हणाला तर लॉग फक्त रॅममध्ये ठेवला जातोय, "सुडो एमकेडीआयआर -पी /व्हार/लॉग/जर्नल" करून रीस्टार्ट करा, पुढच्या वेळेपासून राहील.

काय शोधायचं:

"सॉफ्ट लॉकअप, सीपीयू स्टक फॉर २२ सेकंद" अशी ओळ म्हणजे एखादा कोअर कर्नलमध्येच अडकलाय, ड्रायव्हर किंवा प्रोसेसरच्या पॉवर सेव्हिंगकडे बघा. "ब्लॉक्ड फॉर मोर दॅन १२० सेकंद्स" म्हणजे प्रोसेस कशाची तरी, बहुतेक डिस्कची, वाट बघतेय. "आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस" उघड आहे. "एमसीई" आणि "हार्डवेअर एरर" म्हणजे प्रोसेसर स्वतःच तक्रार करतोय, तिकडे दुर्लक्ष अजिबात करायचं नाही. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर "एक्सआयडी" शोधा, त्यापुढे नंबर असतो, ७९ आला तर कार्ड बसवरून गायब झालं, म्हणजे पॉवर, स्लॉट, तापमान असं काहीतरी. एएमडीला "रिंग जीएफएक्स टाइमआउट", इंटेलला "जीपीयू हँग".

आणि काहीच सापडलं नाही, नेहमीच्या ओळी चालू आहेत आणि अचानक पुढची ओळ नव्या बूटची, असं दिसलं तर निराश होऊ नका, ती पण माहितीच आहे. जर्नल डिस्कवर पक्कं करायची मुदत मुळात ५ मिनिटांची असते, अगदी गंभीर ओळीच ताबडतोब लिहिल्या जातात, आणि डिस्कच गायब झाली असेल तर लिहिणार कुठे. अशा वेळी दुसऱ्या मशीनवरून एसएसएच करून "सुडो डीमेसेज -डब्ल्यू" लावून ठेवायचं आणि आपलं काम करत राहायचं. हँग झाला की त्या दुसऱ्या स्क्रीनवर शेवटचं वाक्य तसंच राहिलेलं असतं. मला या एका युक्तीने जेवढ्या वेळा उत्तर मिळालंय तेवढं कशाने मिळालं नाही.

फ्रीबीएसडी वापरणाऱ्यांना जर्नलसीटीएल नाही, तिथे "/व्हार/लॉग/मेसेजेस" बघायचं, बाकी हार्डवेअरचं सगळं असंच.

रॅम भरून होणारा हँग

सगळ्यात कॉमन, आणि ८ जीबीच्या मशीनवर तर हाच आधी तपासा. क्रोमचे तीस टॅब, मीटिंग चालू, वर लिब्रेऑफिस, रॅम संपते, मग कर्नल प्रोग्रामचीच पानं (रॅममधले तुकडे) डिस्कवर टाकतो आणि परत आणतो, परत टाकतो, हार्डडिस्क असेल तर यात अर्धा तास सहज जातो. कर्नलचा स्वतःचा ओओएम किलर (रॅम संपली की प्रोसेस मारणारा) फार उशिरा जागा होतो, तोवर माणसाने बटण दाबलेलं असतं.

खात्री करायला एका टर्मिनलमध्ये "व्हीएमस्टॅट १" लावा. एसआय आणि एसओ या दोन रकान्यांत काम चालू असताना सतत मोठे आकडे येत असतील तर हेच. ४.२० किंवा नंतरचा कर्नल असेल तर "कॅट /प्रॉक/प्रेशर/मेमरी" पण बघा, त्यात फुल असं लिहिलेल्या ओळीतला आकडा चढत गेला तर सगळी कामं रॅमसाठी खोळंबलेली आहेत.

उपाय: "सुडो एपीटी इन्स्टॉल अर्लीओओएम". मोकळी रॅम आणि मोकळी स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) दोन्ही १० टक्क्यांच्या खाली गेले की हा सगळ्यात जाडा प्रोसेस बंद करतो, एखादा टॅब जातो पण मशीन वाचतं. उबंटू २२.०४ पासून आणि फेडोरा ३४ पासून सिस्टमडी-ओओएमडी असतो, त्यामुळे तिथे कधीकधी उलटी तक्रार येते की ब्राउझर आपोआप बंद झाला, ते हेच. दुसरं झेडरॅम, म्हणजे रॅमचाच काही भाग कॉम्प्रेस करून स्वॅप म्हणून वापरायचा, फेडोराने ३३ पासून ते डिफॉल्टच केलं. कमी रॅमच्या मशीनला याने खरंच फरक पडतो. आणि स्वॅप अजिबात न ठेवणं हा उपाय नाही, स्वॅप नसली तरी कर्नल प्रोग्रामचा कोड डिस्कवरून परत परत वाचत बसतो आणि मशीन तसंच अडकतं.

इथेच पेनड्राइव्हचं सांगून टाकते कारण बाबांच्या मशीनचं तेच होतं. मोठी फाइल स्लो पेनड्राइव्हवर टाकली की कॉपी झटकन १०० टक्के दिसते आणि मग सगळं मशीन गुदमरतं. कर्नल लिहायचा डेटा आधी रॅममध्ये साठवतो, डिफॉल्ट मर्यादा उपलब्ध रॅमच्या २० टक्के, १६ जीबीवर ती तीन जीबीच्या आसपास जाते, आणि पेनड्राइव्ह ते सेकंदाला पाच-सात एमबीने पितो. वर सांगितलेल्याच फोल्डरमधल्या फाइलमध्ये "व्हीएम.डर्टी_बाइट्स = २६८४३५४५६" आणि "व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स = ६७१०८८६४" टाका, म्हणजे २५६ आणि ६४ एमबी. फाइलमध्ये आकडे अर्थातच इंग्रजीत. कॉपी आता खऱ्या वेगाने दिसेल आणि बाकीचं मशीन चालत राहील.

रॅम खराब असली तर

भरणं वेगळं आणि खराब असणं वेगळं. खराब रॅमची खूण म्हणजे लक्षणांना काही ताळतंत्र नसतो: आज ब्राउझर क्रॅश, उद्या झिप फाइल करप्ट, परवा पूर्ण हँग, कधी अपडेट करताना चेकसम चुकलं. मेमटेस्ट८६प्लस पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करा, आवृत्ती ६ किंवा पुढची घ्या, २०२२ मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून तो यूईएफआयच्या (बायोसची नवी जात) मशीनवर चालतो. आणि रात्रभर चालू द्या. एक पास होऊन हिरवं दिसलं म्हणून बंद करू नका, मी पहिल्या महिन्यात तेच केलं होतं, एक पास बघितला आणि रॅमवरचा संशय काढून टाकला, पुढचे तीन महिने त्यात गेले. नंतर रात्रभर लावला तेव्हा चौथ्या पासला लाल ओळी आल्या. एक जरी एरर आली तरी ती एररच, "एकच तर आहे" असं रॅममध्ये नसतं.

एरर आली तर आधी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद करा, म्हणजे रॅम तिच्या साध्या स्पीडवर येईल, आणि परत टेस्ट. तरी आली तर मशीन बंद करून, प्लग काढून, स्टिक बाहेर काढा, सोनेरी पट्टी स्वच्छ खोडरबरने हलक्या हाताने पुसा, रबराचा भुगा झटका आणि घट्ट बसवा. आपल्याकडचे रिपेअरवाले हे पहिल्यांदा करतात आणि दमट हवेत, कोकण-मुंबईकडे, त्याने खरंच सुटतं. मग एकेक स्टिक एकटी लावून टेस्ट, आणि दोन्ही स्टिक चांगल्या निघाल्या तर स्लॉट बदलून.

डिस्क

"सुडो एपीटी इन्स्टॉल स्मार्टमॉनटूल्स" आणि मग "सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए". वर मोठ्या अक्षरात "पास्ड" लिहून येतं त्यावर विसंबू नका, मरायला टेकलेल्या डिस्कला पण पास्ड येतं. खालच्या टेबलात नंबर ५, १९७ आणि १९८ या ओळींच्या शेवटचा आकडा बघा, शून्य हवा. १९७ म्हणजे पेंडिंग सेक्टर, तो शून्य नसेल तर डिस्क तिथे वाचायला गेली की अडकते आणि तेवढा वेळ सगळं थांबतं. बाकी सगळं सोडून आधी बॅकअप घ्या. १९९ वाढत असेल तर डिस्क नाही, साटा केबल बदला, शंभर-दीडशे रुपयांचं काम.

एनव्हीएमईवाल्यांची (बोर्डवर थेट बसणारी वेगवान एसएसडी) गोष्ट वेगळी. इथे डिस्क पॉवर वाचवायला गाढ झोपेत जाते आणि काही मॉडेल-बोर्डच्या जोडीत परत उठतच नाही. मशीन पूर्ण मरत नाही: उघडं आहे ते दिसतं, माउस हलतो, पण नवीन काही उघडलं की "इनपुट/आउटपुट एरर". पिंग चालतं, लॉगिन नाही. रीस्टार्टनंतर लॉगमध्ये काही नाही, कारण लॉगची डिस्कच गेलेली. दुसऱ्या स्क्रीनवर डीमेसेज लावलेलं असेल तर "कंट्रोलर इज डाउन, विल रीसेट" दिसेल. यावर कर्नल पॅरामीटर आहे, "एनव्हीएमई_कोर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०", म्हणजे गाढ झोप बंद. सोबत एसएसडीचं फर्मवेअर अपडेट असेल तर तेही करा, पण दुसऱ्या दिवशी.

पॅरामीटर कसा टाकायचा? एकदाच करून बघायला बूट होताना ग्रब मेनू (लिनक्स सुरू व्हायच्या आधीचा मेनू) आणा, यूईएफआयवर एस्केप एकदा टॅप करून, जुन्या बायोसवर शिफ्ट धरून. हव्या त्या ओळीवर ई दाबा, "लिनक्स" ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी स्पेस देऊन लिहा आणि एफ१० दाबा. हे फक्त त्या बूटपुरतं, म्हणून न घाबरता करून बघता येतं. उपयोग झाला तर "/एट्सी/डिफॉल्ट/ग्रब" फाइलमध्ये "क्वाएट स्प्लॅश" च्या पुढे, अवतरण चिन्हाच्या आत, आणि मग "सुडो अपडेट-ग्रब".

ग्राफिक्स आणि कर्नल

एसएसएचने आत जाता येत होतं ना, तर इकडे या. आधी फुकटातली टेस्ट: लॉगिन स्क्रीनवर दातेरी चाकाच्या चिन्हातून वेलँडऐवजी एक्सऑर्ग (हे दोन वेगळे डिस्प्ले सर्व्हर) निवडा, किंवा उलट, तुमच्या डिस्ट्रोत दोन्ही मिळत असतील तर. चार दिवस वापरा. मग डेस्कटॉपचे एक्स्टेन्शन सगळे बंद. मग ब्राउझरचं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद, विशेषतः व्हिडिओ बघताना हँग होत असेल तर. एनव्हिडियावर नूव्हो (लिनक्ससोबत येणारा मोफत) ड्रायव्हर असेल तर "सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल" ने कंपनीचा टाका. इंटेलच्या लॅपटॉपवर स्क्रीन क्षणभर थिजत असेल तर "आय९१५.इनेबल_पीएसआर=०" करून बघा.

आणि प्रॉब्लेम एखाद्या अपडेटनंतर सुरू झालाय असं वही सांगत असेल तर ग्रबमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवडून आठवडाभर चालवा. त्यावर ठीक चाललं तर हार्डवेअर बरंचसं सुटलं संशयातून. लाइव्ह पेनड्राइव्हवरून दिवसभर चालवणं हीपण चांगली टेस्ट, त्यावरही हँग झाला तर तुमच्या इन्स्टॉलेशनचा दोष नाही, आणि फॉर्मॅट मारून काहीही होणार नाही हे तिथेच सिद्ध झालं.

मशीन नुसतं पडून असताना हँग होतं?

कामात असताना कधी नाही पण चहाला उठून आलं की मेलेलं, असं वहीत दिसलं तर प्रोसेसरच्या सी-स्टेट्सकडे बघा, म्हणजे रिकामं असताना तो ज्या झोपेत जातो त्या पायऱ्या. २०१७ च्या पहिल्या पिढीच्या रायझनवर लिनक्समध्ये हे बऱ्याच जणांना झालं, त्यासाठी बायोसमध्ये "पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल" असतं, ते "टिपिकल करंट आयडल" वर ठेवायचं. सेटिंगचं नाव बघा, त्यातच कारण आहे: जुन्या किंवा स्वस्त एसएमपीएसला (पीसीचा पॉवर सप्लाय) अगदी कमी लोडवर व्होल्टेज स्थिर ठेवता येत नाही. इंटेलच्या बे ट्रेल चिपवर, म्हणजे जे१९००, एन२८४० वगैरे असलेली छोटी मशीन, याच जातीचा हँग होता, तिथे "इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१" चालतो, बॅटरी मात्र जास्त खातो. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरची अस्थिरता वेगळी, त्यावर कंपनीने २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त्या) दिले, ते बायोस अपडेटमधून येतात, त्यामुळे अशा मशीनवर बायोस अपडेट पहिलं.

उष्णता आणि वीज

माझा मामेभाऊ अकोल्याला असतो, त्याचं मशीन एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन ते पाच या वेळात हँग व्हायचं. वही ठेवायला लावली आणि चौथ्या नोंदीलाच त्याचं त्यालाच कळलं. बाहेर ४४-४५ अंश, खोलीत कूलर पण मशीन भिंतीच्या कोनाड्यात, आणि हीटसिंकवर धुळीची गादी. "सुडो एपीटी इन्स्टॉल एलएम-सेन्सर्स", मग "सुडो सेन्सर्स-डिटेक्ट", मग "वॉच सेन्सर्स" लावून काम करत राहा. लोडवर ९० च्या पुढे जाऊन तिथेच राहत असेल तर साफसफाई आणि नवीन थर्मल पेस्ट. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो गरागरा फिरून खराब होतो.

एसएमपीएसचं दुखणं लॉगमध्ये दिसत नाही, म्हणून तो शेवटी सापडतो. कॅबिनेटसोबत फुकट मिळालेल्या एसएमपीएसवरच्या वॅटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. ग्राफिक्स कार्डवर लोड आला की हँग किंवा रीस्टार्ट, फ्रिज-पंप चालू झाला की हँग, अशा नोंदी असतील तर मित्राकडून चांगला एसएमपीएस चार दिवस मागून आणा आणि लावून बघा, यापेक्षा खात्रीची टेस्ट घरी करता येत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या, ते मशीनसाठीच नाही, तुमच्यासाठी पण.

सुटलं असं कधी म्हणायचं

आठ दिवसांतून एकदा हँग होणारं मशीन पाच दिवस नीट चाललं, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. माझे तीन फॉर्मॅट यातच गेले. वहीतले दोन हँगमधले सगळ्यात मोठे अंतर बघा आणि त्याच्या निदान तिप्पट दिवस थांबा. तोवर दुसरं काही बदलू नका, आणि शक्य असेल तर ज्या परिस्थितीत हँग व्हायचा तीच मुद्दाम तयार करा: "स्ट्रेस-एनजी" ने प्रोसेसर तापवा, रॅम भरा, पेनड्राइव्हवर मोठी फाइल टाका. माझं सगळ्यात मोठं अंतर अकरा दिवसांचं होतं, खराब स्टिक काढल्यावर मी पाच आठवडे एकाच स्टिकवर, रोज व्हर्च्युअल मशीन लावून काढले. मग मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो आणि बिल घेऊन दुकानात गेले. रॅमची वॉरंटी बरेचदा खूप वर्षांची असते आणि लोक विचारायलाच जात नाहीत. त्यांनी फोटो बघितला, त्यांच्या मशीनवर लावून अर्धा तास टेस्ट केली, त्यात एरर आली नाही, तर मी त्यांना रात्रभर चालू ठेवा म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला, बदलून देतो म्हणून.